अमेरिकेची यादवी: गुलामगिरी, फुटून निघणं आणि एक देश (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी व्हर्जिनियात राहतो. घरी महाराष्ट्रातून पाहुणे आले की वॉशिंग्टनची स्मारकं एका दिवसात उरकतात, मग मी त्यांना समुद्राच्या तोंडावर असलेल्या फोर्ट मनरो या किल्ल्यावर नेतो. तिथे दर वेळी तेच प्रश्न येतात आणि परतीच्या गाडीतही संपत नाहीत. ते इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका दमात संपली आहेत.

हे युद्ध नेमकं कोणाचं कोणाशी?

एका बाजूला अमेरिकेचं संघराज्य, म्हणजे बोलताना 'उत्तर'. अध्यक्ष अब्राहम लिंकन. दुसऱ्या बाजूला संघराज्यातून फुटून निघालेली अकरा राज्यं, म्हणजे 'दक्षिण' किंवा कॉन्फेडरसी. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट समटरवर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला आणि युद्ध जवळजवळ संपलं.

गुलामगिरी असलेली सगळी राज्यं फुटली नव्हती, हे मात्र लक्षात ठेवा. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही चार राज्यं गुलाम बाळगूनही संघराज्यात राहिली. पुढच्या अनेक उत्तरांत त्यांची गरज लागेल.

मराठीत 'यादवी' हा शब्द नेमका बसतो. केंटकीचे सिनेटर जॉन क्रिटेंडन शेवटपर्यंत समेटासाठी धडपडत राहिले. त्यांचा एक मुलगा उत्तरेचा जनरल झाला, दुसरा दक्षिणेचा.

थोडक्यात सांगा: युद्ध गुलामगिरीवरून झालं की देश एकसंध ठेवण्यासाठी?

इथे दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. दक्षिण का फुटली? गुलामगिरी राखायला. उत्तरेने तिला जाऊ का दिलं नाही? देश एक ठेवायला. १८६१ च्या उन्हाळ्यात फौजेत नाव घातलेल्या ओहायोच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला विचारलं असतं, तर बहुतेक तो झेंड्याबद्दल बोलला असता, निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून देश मोडता येत नाही असं म्हणाला असता. गुलामांचा विषय त्याने काढला असताच असं नाही. पण ज्यांनी त्याच्यावर ही वेळ आणली त्यांचं कारण वेगळं होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये ४० टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर निवडून आले. चौरंगी लढत होती. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांना मत देण्याची सोयच नव्हती. गुलामगिरी आहे त्या राज्यांत हात घालणार नाही, पण पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही, एवढंच त्यांच्या पक्षाचं म्हणणं होतं. दक्षिणेला तेवढं पुरलं. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडली. ४ मार्च १८६१ ला लिंकननी शपथ घेतली तेव्हा सात राज्यं निघून गेली होती. लिंकननी काही केलं म्हणून ती गेली असं म्हणायला जागाच नाही, कारण तोवर त्यांच्या हाती काही आलंच नव्हतं.

पण वाद 'राज्यांच्या अधिकारांचा' होता असं म्हणतात ना?

म्हणतात. आमच्याकडे अजूनही हॉटेलात शेजारच्या टेबलावरून ऐकू येतं. यावर माझं नेहमीचं उत्तर: कसला अधिकार, ते पुढे विचारा.

मिसिसिपीने बाहेर पडताना कारणांचं जाहीर निवेदन काढलं. त्यात अगदी सुरुवातीलाच म्हटलंय की आमचं स्थान गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेलं आहे. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथल्या भाषणात म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्सने जाडजूड ग्रंथ लिहून वाद घटनात्मक होता असं मांडलं. 'राज्यांचे अधिकार' ही पळवाट बरीचशी त्या नंतरच्या काळात रुंद झाली.

खरी गंमत पुढेच आहे. साउथ कॅरोलायनाच्या निवेदनातली तक्रार वाचा: उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, केंद्राचा कायदा पाळत नाहीत. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडून देणं साऱ्या देशावर बंधनकारक केलं होतं. १८५४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जमावाने जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या माणसाला तुरुंगातून सोडवलं आणि त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्याचा अधिकार इथे उत्तर वापरत होती, आणि केंद्राने दंडुका उचलावा म्हणून दक्षिण ओरडत होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पुढे कॉन्फेडरसीने स्वतःची घटना लिहिली तेव्हा गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायला त्यांच्या संसदेला स्पष्ट मनाई केली.

मूळ अमेरिकन घटनेत गुलामगिरीबद्दल काय होतं?

बरंच होतं, फक्त तो शब्द नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. 'इतर व्यक्ती', 'सेवेला बांधलेली व्यक्ती' अशा आडवळणाने लिहिलं होतं. लोकप्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची अशी तरतूद होती. मत गुलामाला नव्हतंच, त्याच्या डोक्यावरचं राजकीय वजन मात्र मालकाच्या राज्याला मिळत होतं.

बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच. मग ते कशासाठी मेले?

गुलामगिरी असलेल्या सगळ्या राज्यांचा हिशेब धरला तर साधारण चारांतल्या एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. पण सरासरीत खूप काही बुडतं. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, आणि त्या दोन्ही राज्यांत गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. ज्याच्याकडे गुलाम नव्हता तो शेजाऱ्याकडून भाड्याने घ्यायचा, मुलाच्या लग्नापर्यंत एखादा विकत घेण्याची स्वप्नं बघायचा. आणि काहीच नसलं तरी आपल्याखाली कोणीतरी आहे, हे समाधान होतंच. जातीच्या समाजात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी एवढं म्हटलं की गाडीत थोडा वेळ शांतता पसरते.

शिवाय आपल्या गावावर परकी फौज चालून येते आहे एवढंही अनेकांना पुरलं. १८६२ मध्ये दक्षिणेने सक्तीची लष्करभरती आणली आणि नंतर वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्याला सूट दिली. त्यावरून गरिबांत पुष्कळ चरफड झाली, पळूनही पुष्कळ गेले.

फुटून निघण्याचा हक्क कायद्याने होता का?

घटना गप्प होती. होय म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. लिंकन यांच्या आधीचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी तर अजब भूमिका घेतली: राज्याला फुटता येत नाही, पण फुटलं तर केंद्राला त्याला अडवताही येत नाही. लिंकन यांचं म्हणणं सरळ होतं. स्वतःच्या अंताची तरतूद कोणतंच सरकार आपल्या मूळ कायद्यात करत नसतं. आणि निवडणूक हरलेल्याने घर मोडायचं असेल तर निवडणुकांना अर्थ उरत नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो वेस्ट व्हर्जिनियाचा दाखला. व्हर्जिनिया देशातून फुटली तेव्हा तिचे डोंगराळ पश्चिमेकडचे जिल्हे व्हर्जिनियातूनच फुटले आणि २० जून १८६३ ला वेगळं राज्य म्हणून संघराज्यात आले. फुटीच्या हक्काची भाषा करणाऱ्या रिचमंडला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीला, ही फूट अजिबात मानवली नाही.

कायदेशीर निकाल युद्धानंतर लागला. १८६९ मध्ये टेक्ससच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ आहे. निकाल न्यायालयाने लिहिला खरा, शाई मात्र आधीच सांडलेली होती.

लिंकनना गुलामगिरी संपवायचीच नव्हती, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य खरं आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात लिंकन म्हणतात की एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन, सगळे सोडून वाचत असेल तर तसं करीन, काही सोडून काही ठेवून वाचत असेल तर तेही करीन. पण त्या पत्राची तारीख बघा: २२ ऑगस्ट. बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, त्यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी सल्ला दिला की रणांगणावर एखादा विजय मिळू द्या, नाहीतर घाबरून काढलेला शेवटचा फतवा वाटेल. म्हणून कागद खणात पडून होता. पत्र त्या कागदासाठी रान तयार करत होतं.

आणि पत्राच्या शेवटी ते लिहितात की हे मी पदाचं कर्तव्य म्हणून सांगितलं. सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा मी बदललेली नाही. फॉरवर्ड करणारा नेमकी तीच ओळ कापतो.

तरी लिंकनना देवही करू नये. १८५८ मध्ये निवडणुकीच्या सभेत त्यांनी गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक बरोबरीला आपला पाठिंबा नाही असं सांगितलं होतं. मुक्त झालेल्या काळ्यांना देशाबाहेर वसवायची योजना ते १८६२ पर्यंत बोलून दाखवत होते. एप्रिल १८६५ मध्ये मात्र काही काळ्यांना, निदान सैनिकांना, मताधिकार द्यावा असं ते जाहीरपणे म्हणाले. गर्दीत ते ऐकणाऱ्या जॉन विल्क्स बूथने तीन दिवसांनी त्यांना गोळी घातली.

गुलाम काय करत होते? त्यांच्यासाठी दुसरेच लढले का?

हा प्रश्न पाहुणे फार उशिरा विचारतात, म्हणून हल्ली मीच आधी सांगतो. त्यासाठी तर फोर्ट मनरोला नेतो.

किल्ला दगडी, सभोवती पाण्याचा खंदक. व्हर्जिनिया फुटली तरी हा किल्ला उत्तरेच्या ताब्यात राहिला. २३ मे १८६१ च्या रात्री तीन माणसं होडी वल्हवत या किनाऱ्याला आली: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. समोरच्या काठावर दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. मालक कर्नल मॅलरी त्यांना आता घरापासून दूर नॉर्थ कॅरोलायनात नेणार होता. त्यांनी थेट शत्रूचा किल्ला गाठला. आत घेतील की हातकड्या घालून परत पाठवतील, याची काहीच खात्री नव्हती.

किल्ल्याचा प्रमुख जनरल बेंजामिन बटलर हा मॅसॅच्युसेट्सचा वकील. गुलामगिरीविरोधी वगैरे मुळीच नव्हता. वर्षभरापूर्वी आपल्या पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून त्याने पन्नासहून अधिक फेऱ्यांत मत टाकलं होतं ते खुद्द जेफरसन डेव्हिसला. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने मेजर केरी पांढरं निशाण घेऊन आला. पळालेले गुलाम परत करणं कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे, असं त्याने बजावलं. बटलरमधला वकील जागा झाला. तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू? कर्नलने यावं, अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, माणसं घेऊन जावीत. आणि तुम्ही यांना मालमत्ता म्हणता ना? ती मालमत्ता माझ्याविरुद्ध तोफा बसवायला वापरत होता. युद्धात असा माल जप्त होतो.

'जप्तीचा माल' हे माणसाला दिलेलं नाव किती घाण आहे. पण त्या नावाच्या फटीतून माणसं आत आली. जुलैअखेर किल्ल्यात सुमारे ९०० जण होते. बायका, मुलं, म्हातारे, ज्यांनी कधी कुठला मोर्चा बांधला नव्हता असेही. आता यांचं काय करायचं, हे बटलरने वॉशिंग्टनला लिहून विचारलं. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अशा जप्तीचा कायदा करावा लागला. जिथे जिथे उत्तरेची फौज पोचली तिथे तिथे हेच घडलं. प्रत्येक छावणीपुढे माणसं उभी, आणि प्रत्येक कर्नलला ठरवावं लागे: परत पाठवू की ठेवू? देश वाचवायला निघालेल्या फौजेला गुलामगिरीबद्दल गप्प बसणं या पळून येणाऱ्यांनी अशक्य करून टाकलं. माझ्या मते युद्धाचं वळण बदललं ते या छावण्यांच्या दारात. लिंकन यांचा मसुदा त्यानंतरचा.

किल्ल्यापासून जवळच हॅम्प्टन गावात एक जुना ओकवृक्ष आहे, फांद्या जमिनीशी समांतर दूरवर पसरलेल्या. मेरी पीक या काळ्या शिक्षिकेने १८६१ मध्ये त्याच्या सावलीत पळून आलेल्यांना अक्षरं शिकवली, असं सांगतात. व्हर्जिनियात काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवणं तोवर कायद्याने गुन्हा होता. आज ते झाड हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात उभं आहे.

आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १३ मे १८६२, पहाटे, चार्ल्स्टन. 'प्लँटर' या लष्करी बोटीचे गोरे अधिकारी रात्री घरी झोपायला गेलेले. रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने बोट सोडली, वाटेत आपली आणि इतर खलाशांची बायकामुलं चढवून घेतली, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर ठेवली आणि फोर्ट समटरसमोरून जाताना ठरलेली शिट्टी वाजवली. पुढे गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून बिछान्याची पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. हा माणूस पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला. ज्या मालकाच्या घरी तो गुलाम होता, ते घरही त्याने विकत घेतलं.

युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत होते, त्यातले बरेचसे कालपरवापर्यंत गुलाम. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, आणि त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असला पगार घेणंच नाकारलं, तरी लढणं सोडलं नाही. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये आला.

मुक्तीच्या जाहीरनाम्याने एकही गुलाम सुटला नाही, असं का म्हणतात?

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होता. ती चार निष्ठावान राज्यं वगळलेली, टेनेसी वगळलेलं, लुइझियाना आणि व्हर्जिनियाचे काही जिंकलेले भागही वगळलेले. लिंकननी तो सेनापती म्हणून, युद्धातला उपाय म्हणून काढला होता. शांत प्रदेशात त्यांना तो हक्क नव्हता. पण 'एकही नाही' हे चूक. काही ताब्यातल्या भागांत तो पहिल्या दिवसापासून लागू झाला, आणि नंतर फौज पुढे सरकेल तशी मुक्ती सरकत गेली. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ ला. 'जूनटीन्थ' म्हणून २०२१ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

कायमचा बंदोबस्त तेराव्या घटनादुरुस्तीने झाला, डिसेंबर १८६५ मध्ये. तीतही 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' अशी मेख राहिली. दक्षिणेने तिचा कैद्यांना मजुरीला जुंपण्यासाठी पुरेपूर उपयोग करून घेतला.

मालकांना पैसे देऊन युद्ध टाळता आलं नसतं का?

लिंकननी प्रयत्न केला. डेलावेअरमध्ये १८०० हून कमी गुलाम होते, तिथेही मालक तयार झाले नाहीत. फक्त राजधानी वॉशिंग्टनमध्ये एप्रिल १८६२ मध्ये हे जमलं, सरासरी ३०० डॉलर डोई या हिशेबाने. पैसे अर्थात मालकाला, राबलेल्याला नव्हेत. दक्षिणेत १८६० मध्ये जवळपास ४० लाख गुलाम होते. त्यांची बाजारातली किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या बेरजेहून जास्त भरत होती. एवढी मालमत्ता कोणी आपखुशीने सोडत नाही.

उत्तरेतले लोक तरी चांगले होते का?

सगळे नव्हते. जुलै १८६३ मध्ये न्यू यॉर्कला सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल पेटली. ३०० डॉलर भरले की श्रीमंताला भरतीतून सुटता येई, हा राग होता. निघाला तो काळ्यांवर. काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जमावाने जाळला.

एकूण किती माणसं मेली?

वर्षानुवर्षं ६ लाख २० हजार हा आकडा सांगितला जातो. अलीकडे जनगणनेच्या आधारे काढलेले अंदाज ७ लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातात. गोळ्यांपेक्षा हगवण, विषमज्वर अशा रोगांनी जास्त मारले.

मुंबईचा या युद्धाशी संबंध होता म्हणतात, तो कसा?

इथे पाहुणे सावरून बसतात.

इंग्लंडातल्या लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं आवळली आणि तो कापूस आटला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर पश्चिम भारताकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला आखूड धाग्याचा कापूस विलायतेत सरसकट 'सुरती' म्हणून ओळखला जाई. एरवी नाकं मुरडून घेतलेला हा माल आता मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. मुंबईत चांदीचा पूर आला. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्यात मीठमसाला असेल, पण मसाला घालायला काहीतरी शिजत होतंच.

पैसा आला की सट्टा येतो. बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज निघू लागल्या. बॅक बे रेक्लमेशनचे शेअर हा त्या वेडाचा कळस, आणि प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे. १८६५ च्या वसंतात लीच्या शरणागतीची बातमी आली, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकवायची वेळ आली तेव्हा कोणाकडेच पैसे नव्हते. कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंद स्वतःही धुऊन निघाले, पण तेजीत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. फोर्टमधून जाताना त्या घड्याळाकडे बघाल तेव्हा मिसिसिपीच्या काठचे मळेही आठवा.

खेड्यांत हिशेब जास्त काळ चालला. तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं होतं; भाव पडल्यावर कर्ज तसंच राहिलं आणि वर सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जरोखे जाळले. या दंगलींचं सगळं खापर अमेरिकेवर फोडता येणार नाही, पण घोडं कुठे पेंड खात होतं ते शोधताना हा धागा हाती लागतोच.

महात्मा फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकनांना का अर्पण केलं?

'गुलामगिरी' १८७३ चं. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे: गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे केलेल्या कामाचा गौरव म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं या इच्छेने. जोतीरावांच्या लेखी ते युद्ध कापसाचं किंवा झेंड्याचं नव्हतं. मुंबईचे दलाल लीच्या हरण्याने रडले, आणि त्याच घटनेत पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाला आपल्या लढ्याचं नाव सापडलं. गंज पेठेत बसून त्यांनी या युद्धाचा जो गाभा ओळखला, तो पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतल्याच शाळांच्या पुस्तकांत धूसर करून ठेवला होता.

आपल्या घटनेशी याचा काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'फेडरेशन' ऐवजी 'युनियन' शब्द का घेतला ते सांगितलं. राज्यांनी आपसात करार करून हा संघ बनवलेला नाही, म्हणून कोणत्याच राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. राज्यांना फुटता येत नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी लढावी लागली. आपण ते तर्कावर किंवा वादावर न सोडता आधीच स्पष्ट केलेलं बरं, असं ते म्हणाले. अमेरिकेच्या घटनेतलं मौन किती महाग पडलं, हे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

युद्धानंतर काळ्यांना बरोबरी मिळाली का?

कागदावर मिळाली. १८६८ ची चौदावी दुरुस्ती नागरिकत्वाची, १८७० ची पंधरावी मताधिकाराची. जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा काळा माणूस सिनेटवर गेला. पण जमीन मिळाली नाही. जनरल शर्मनने किनाऱ्यालगत ४० एकरांपर्यंतचे तुकडे वाटायला काढले होते, ते लिंकननंतरचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केले. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेने दहशत घातली. १८७७ मध्ये उरलीसुरली केंद्रीय फौज मागे घेतली गेली. नंतर मतदानाला अटी, रेल्वेच्या डब्यांत भेद, शाळांत भेद. मतदान हक्काचा खराखुरा कायदा आला १९६५ मध्ये, ॲपोमॅटॉक्सनंतर शंभर वर्षांनी. गोरी उत्तर आणि गोरी दक्षिण मधल्या काळात गळ्यात गळे घालून मोकळी झाली होती. देश जुळला, त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली ते उघड आहे.

जेफरसन डेव्हिसला फाशी का दिली नाही?

देशद्रोहाचा आरोप ठेवला, खटला कधी चालवलाच नाही. व्हर्जिनियाच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं असतं तर फुटून निघणं कायदेशीर ठरलं असतं, ही सरकारची धास्ती होती. दोन वर्षांनी तो जामिनावर सुटला. ती दोन वर्षं त्याने काढली ती फोर्ट मनरोत, जिथे ते तिघे होडीतून उतरले होते त्याच किल्ल्यात. सुरुवातीचे काही दिवस त्याच्या पायात बेड्याही होत्या.

किल्ला बघायचा असेल तर?

तो २०११ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तटाच्या आतल्या कमानीदार खोल्यांत संग्रहालय आहे, डेव्हिसची कोठडी तिथेच दाखवतात. ती बघून झाली की तटावर चढा आणि किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. या टोकाला पॉइंट कम्फर्ट म्हणतात. व्हर्जिनियातले पहिले गुलाम आफ्रिकन १६१९ च्या ऑगस्टमध्ये जहाजातून उतरवले गेले ते इथेच. वारा जोराचा असतो, टोपी सांभाळा.